जुने चांदोबा, वेताळाची पुस्तकं आणि दूरदर्शनवरून टेप केलेली कार्टून : आधी काय वाचवावं आणि कसं?

सोनचाफा

माळ्यावरच्या एका ट्रंकेतला माल असा आहे :

व्हीएचएस कॅसेट ११, बहुतेक ई-१८० (तीन तासांच्या). लेबलांवर ‘रविवार कार्टून’, ‘मोगली’, ‘डिस्ने’ एवढंच पेनाने लिहिलेलं. चार कॅसेटच्या काचेतून पट्टीच्या कडेला पांढुरकं काहीतरी दिसतंय.

चांदोबाचे सुमारे ६० सुटे अंक, शिवाय रद्दीवाल्याकडून आलेले दोन बांधीव खंड. सुट्या अंकांच्या पिना गंजल्यात, काहींची मुखपृष्ठं गेलीत.

मराठी इंद्रजाल कॉमिक्स ३०, जवळजवळ सगळी वेताळाची (म्हणजे मुखवटेवाल्या फँटमची). काहींना सेलोटेप लावलेली आहे, ती आता तपकिरी झाली आहे.

मुलांच्या गोष्टींच्या व्हीसीडी १४.

घर किनारपट्टीवर, म्हणजे दमट हवा. व्हीसीआर आहे पण बरीच वर्षं सुरू केलेला नाही. सुरुवात कशापासून करावी आणि कशाला हातही लावू नये, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. दुकानात देण्यापेक्षा घरी करायची तयारी आहे.

रीळमास्तर

क्रम कॅसेट, व्हीसीडी, मग कागद असा ठेवा. चांदोबा पिवळा पडला तरी आणखी वीस वर्षांनी वाचता येईल. कॅसेट वाचायला यंत्र लागतं, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आता जी यंत्रं आहेत ती जुनीच, आणि त्यांचं रबर दरवर्षी कडक होत चाललंय.

व्हीसीआर आणि कॅसेट, दोन्ही आज लावू नका. आधी हे करा.

१. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या बाजूचा छोटा प्लास्टिकचा टॅब बघा. शाबूत असेल तर मोडून टाका. तो असताना रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं की जुनं चित्र कायमचं गेलं. टॅबच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असेल तर तीही काढा, पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून त्या काळी ती लावत.

२. पांढुरकं दिसणाऱ्या चार कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवा. ती बुरशी आहे. अशी एक कॅसेट चालवली तर बुरशी हेडवर (पट्टीवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर) आणि मार्गातल्या रुळांवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. हेडच्या फटीत ती अडकली की चित्र मुंग्यांनी भरतं, आणि ‘कॅसेट खराब आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

३. बुरशीच्या कॅसेट हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर दोनतीन आठवडे ठेवा. आत आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवा, तो ४० ते ५० टक्क्यांवर स्थिरावला पाहिजे. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशी वाढते, खाली ती झोपते आणि कोरडी होऊन भुगा होतो. ओली बुरशी पुसली तर ती पट्टीवर सारवली जाते, कोरडी झटकली जाते. उन्हात मात्र ठेवू नका.

४. मग सफाई. घराबाहेर, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. कॅसेट उलटी केली की पाच स्क्रू दिसतात. ते काढून परत सुलटी धरा आणि वरचं झाकण उचला. उचलण्याआधी समोरच्या झडपेची स्प्रिंग कशी बसली आहे याचा फोटो घ्या, नव्वद टक्के लोक तिथेच अडकतात. रिळांच्या वरखालच्या बाजूवरची बुरशी मऊ ब्रशने झटका, शक्य तर बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमसमोर. नंतर पट्टी हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर घेताना धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून सरकवा. फारच चिकट डाग असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड जेमतेम ओलं करा. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालणार नाही, त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात.

५. कवच तडकलं असेल तर कोऱ्या कॅसेटचं कवच घ्या आणि रिळं त्यात हलवा. पट्टी तुटली असेल तर घरातली सेलोटेप कधीही लावू नका. तिचा गोंद उष्णतेने पाझरतो आणि फिरत्या हेडला लागतो. जोडणीसाठी मिळणारी खास स्प्लाइसिंग टेप लावा, तीही मागच्या बाजूने. कॅसेटची झडप उघडल्यावर बाहेर तोंड करून दिसते ती चुंबकीय लेपाची बाजू. तिच्यावर बोटही नको.

आता यंत्र. व्हीसीआर उघडून रबरी पट्टा, आयडलरचं (रिळं फिरवणाऱ्या चाकाचं) टायर आणि पिंच रोलर (पट्टी दाबून ओढणारा रबरी रूळ) तपासा. पिंच रोलर चकचकीत आणि टणक लागला तर पट्टीची गती डळमळते आणि आवाज लहरतो. कडक झालेल्या पट्ट्यामुळे यंत्र कॅसेट आत घेतं पण बाहेर देताना पट्टी खातं. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, जुना पट्टा मापाला बरोबर न्या.

हेड पुसताना शामॉय चामड्याची काडी अल्कोहोलमध्ये बुडवा, ड्रमला (हेड ज्यावर बसवलेलं असतं तो फिरता दंडगोल) टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून बोटाने आडवा फिरवा. काडी वरखाली चालवली तर हेडचं टोक तुटतं. कापसाचा बोळा नकोच, त्याचा धागा हेडमध्ये अडकतो.

पहिली चाचणी नेहमी टाकाऊ कॅसेटवर. ती तीन वेळा आत-बाहेर, पुढे-मागे नीट झाली की मगच तुमची. आणि प्रत्येक कॅसेट चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं उभी-आडवी पडलेली पट्टी कुठे सैल, कुठे घट्ट बसलेली असते, ती एकसारखी होते.

मृदगंध

उत्तम माहिती. पट्टी चिकट झाली असेल तर ओव्हनमध्ये भाजतात असं ऐकलंय. ते व्हीएचएसला करावं का?

रीळमास्तर

@मृदगंध, नाही. तो उपाय मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही रीळ-टेपसाठी आहे. त्या टेपच्या लेपातलं पॉलियुरेथेन हवेतलं पाणी शोषून चिकट होतं, म्हणून तिला ५० ते ५४ अंशांवर काही तास नियंत्रित उष्णता देतात. घरच्या ओव्हनचं तापमान दहा-पंधरा अंश सहज वरखाली होतं. व्हीएचएसचं कवच वाकतं, पट्टी लाटेसारखी होते आणि मग तिला कोणीच सरळ करू शकत नाही. कोकणातल्या कॅसेटमध्ये चिकटपणापेक्षा बुरशी आणि दमट हवाच जास्त आढळते. एसीच्या खोलीतून आणलेली कॅसेट किंवा यंत्र दमट खोलीत लगेच लावलं तर ड्रमवर दव धरतं आणि पट्टी त्याला चिकटते. निदान तीन तास त्याच खोलीत राहू द्या.

रीळमास्तर

आता कॅसेटमधलं संगणकात कसं घ्यायचं ते. मालिका किती जुनी यापेक्षा ती कार्टून आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची. माणसांच्या मालिकेत खपून जाणारा दोष कार्टूनमध्ये डोळ्यात खुपतो, कारण तिथे काळी रेघ आणि सपाट रंग असतात.

व्हीएचएसवर रेघेची स्पष्टता जेमतेम २४० ओळींची, आणि रंगाची त्याहून कितीतरी कमी. म्हणून लाल रंग रेघेच्या बाहेर सांडतो, बहुधा उजवीकडे. कॅसेटवरून कॅसेट केलेली असेल तर रंग खालीही सरकलेला असतो. हा दोष नंतर दुरुस्त करता येतो (एव्हीसिंथ या व्हिडिओ-दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये फक्त रंगाचा थर दोन ते चार पिक्सेल डावीकडे आणि एकदोन ओळी वर घेतात), म्हणून पकडताना काहीही ‘सुधारू’ नका.

जोडणी अशी : व्हीसीआर, मग टाइम बेस करेक्टर (प्रत्येक ओळीची वेळ जुळवणारं यंत्र), मग कॅप्चर यंत्र (चित्र संगणकात घेणारं). मधला टप्पा लोक गाळतात आणि तिथेच घात होतो. कॅसेटमधून येणाऱ्या प्रत्येक ओळीची वेळ थोडी मागेपुढे असते. जुना डबा टीव्ही ती सहन करायचा. संगणक करत नाही. तो गोंधळलेली चित्रं टाकून देतो, आणि अर्ध्या तासाने मोगलीचे ओठ आणि आवाज वेगळे होतात. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकतो तोही याचमुळे. खरा करेक्टर महाग पडतो. त्याऐवजी पॅनासॉनिकचे ईएस-१० किंवा ईएस-१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे लावून नुसतं चित्र त्यांच्यातून पुढे पाठवतात, त्याने ओळी बऱ्याच सरळ होतात. त्यावर रेकॉर्डिंग करायचं नाही, फक्त वाट म्हणून वापरायचं.

ठरावीक मापं : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, इंटरलेस्ड (एक चित्र सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत) तसंच ठेवा, रंग ४:२:२, कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) हफवायूव्ही किंवा एफएफव्ही१, आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, बिनसंक्षेप. तासाला साधारण ३५ जीबी जागा लागते. तुमच्या ११ कॅसेट तीन-तीन तासांच्या धरल्या तर ३३ तास, म्हणजे ११५० जीबीच्या आसपास. दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या. एक काम करायला, दुसरी कपाटात. थेट एमपी४ मध्ये पकडलंत तर सपाट रंगांत चौकोन पडतात, ते कशानेही जात नाहीत.

आवाज आणि चित्र एकाच कॅप्चर यंत्रातून घ्या. आवाज वेगळ्या साउंड कार्डात घेतला तर दोन घड्याळं वेगळी चालतात आणि तासाभरात फरक पडतो. आवाज घोगरा आला तर आवाजाच्या हेडचा कोन जुळत नसतो. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा कोन वेगळा होता, एवढाच त्याचा अर्थ. तो स्क्रू फिरवण्याआधी मूळ जागेवर मार्करने खूण करा.

चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळींची फाटकी पट्टी दिसेल. ती हेड बदलण्याची जागा आहे, दोष नव्हे. मूळ प्रतीत कापू नका. टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची, म्हणून कोणाला दिसली नव्हती.

चित्ररेषा

रीळमास्तरांच्या प्रतिसादात अ‍ॅनिमेशनच्या बाजूने थोडी भर.

मोगलीची मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची, ५२ भागांची. टीव्हीसाठीच्या अशा मालिकांत सेकंदाला २४ वेगळी चित्रं काढत नाहीत. एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. जपानमध्ये प्रक्षेपण सेकंदाला ३० चित्रांच्या एनटीएससी पद्धतीचं, आपल्याकडे २५ च्या पॅलचं. एनटीएससीची प्रत पॅलमध्ये बदलताना त्या काळची यंत्रं शेजारच्या दोन चित्रांचं मिश्रण करायची. म्हणून बगीरा उडी मारताना त्याच्या मागे एक फिकट दुसरा बगीरा दिसतो. काही जण त्याला कॅसेटचा दोष समजून व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड पट्टीशी जुळवायचं बटण) फिरवत बसतात. ते मिश्रण प्रक्षेपणातच होतं, ट्रॅकिंगने जाणार नाही.

बघण्यासाठीची प्रत वेगळी बनवा : क्यूटीजीएमसी या एव्हीसिंथमधल्या फिल्टरने इंटरलेस काढून सेकंदाला ५० चित्रं ठेवा. पकडताना ‘टॉप फील्ड फर्स्ट’ (वरच्या ओळीपासूनचा अर्धा भाग आधी) असतं, डीव्ही कॅमेऱ्यातून आणलं तर उलटं. हे चुकलं की हालचाल पुढे-मागे थरथरते. स्थिर दृश्यात काहीच कळत नाही, म्हणून तपासणी नेहमी पळापळीच्या दृश्यावर करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठं करून देणारी साधनं कार्टूनवर अगदी जपून. रेघा जाड-बारीक होण्यात चित्रकाराचा हात दिसतो, ती साधनं सगळी रेघ एका जाडीची करतात. पार्श्वभूमीच्या पोस्टर रंगाचा खरखरीत पोत ‘गोंगाट’ म्हणून पुसला जातो आणि जंगल मेणाचं दिसतं. चित्रातली खरखर कमी करणारे फिल्टरही तसेच. पाऊस, धूळ, डोळ्यांतली चमक पहिल्यांदा जाते.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहितोय ते. तुमच्या कॅसेटवर सगळ्यात दुर्मीळ काय आहे? मोगली नव्हे. त्या मालिकेचं हिंदी रूप दूरदर्शनकडे आहे, ८ एप्रिल २०२० पासून टाळेबंदीत ते परत दाखवलंही होतं. मालिकेच्या आधीची निवेदिका, मधल्या जाहिराती, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, मालिका संपल्यावरचा पुढच्या कार्यक्रमाचा तक्ता, हे बहुतेक कुठेच जपलं गेलं नाही. ते फक्त घरगुती कॅसेटवर उरलंय. म्हणून ‘कार्टून तेवढं कापून घेतो, बाकी टाकतो’ असं कृपा करून करू नका. कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटच्या मुंगीपर्यंत एकसलग पकडा. अर्धवट पुसलेल्या क्रिकेटच्या सामन्याखालून निघालेला दीड मिनिटाचा जुना तुकडासुद्धा मोलाचा असतो.

मराठी माणसाचा हात लागलेलं कामही अशाच तुकड्यांत सापडतं. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा फिल्म्स डिव्हिजनचा अ‍ॅनिमेशनपट घ्या. त्यामागे विजया मुळे होत्या, संगीत वसंत देसाईंचं. कार्यक्रमांमधली रिकामी जागा भरायला तो वर्षानुवर्षं लागायचा, त्यामुळे कुठल्याही कॅसेटच्या शेवटी तो निघू शकतो. लेबलवर त्याचं नाव कधीच नसतं.

गंगाधर_टिपणीस

घरी जमत नसेल आणि दुकानात द्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी एवढं विचारा : मूळ प्रत कुठल्या कोडेकमध्ये मिळेल, टाइम बेस करेक्टर आहे का, बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळं यंत्र ठेवता का, आणि कॅसेट पूर्ण पकडणार की ‘रिकामा भाग’ काढून टाकणार. फक्त डीव्हीडी किंवा एमपी४ देतो म्हणाले तर दुसरं दुकान बघा. एक कॅसेट आधी, बाकीच्या ती बघून झाल्यावर.

शिवणदोरा

कागदाचं मी लिहितो. रीळमास्तरांचा क्रम बरोबर आहे, पण कागदाच्या बाबतीत दोन कामं आजच करावीत : पिना काढणं आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढणं.

मुलांची मासिकं स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर छापली जात. त्यात लिग्निन असतं, ते उजेड आणि हवेने पिवळं पडतं आणि आम्ल तयार होतं. त्यामुळे कागद कडेपासून ठिसूळ होत आत येतो. हे थांबवता येत नाही, हळू मात्र करता येतं. गंजलेली पीन हे काम खूपच लवकर करते. पिनेभोवतीचा तपकिरी गोल हाताने दाबून बघा, भुगा होईल.

पीन काढायची पद्धत. अंक बरोबर मधल्या पानावर उघडा, पिनेचे वाकवलेले पाय तिथे दिसतात. पायाखाली पातळ पॉलिएस्टर पट्टी सरकवा, म्हणजे खालचा कागद वाचतो. बोथट पातळ पात्याने पाय उभे करा. मग अंक उलटा करून कण्याकडून चिमट्याने सरळ ओढा. पीन गंजून कागदाला धरली असेल तर ओढू नका, छोट्या पकडीने पाय मुळाशी तोडा. ऑफिसातलं पीन काढायचं यंत्र अजिबात नको, ते मधली दोन पानं फाडतंच. पीन गेल्यावर त्याच भोकांतून आणि मधे एक भोक पाडून सुती किंवा लिननच्या दोऱ्याने तीन भोकांची शिवण घाला : मधून आत शिरा, वरच्या भोकातून बाहेर, खालच्यातून आत, परत मधून बाहेर आणि लांब टाक्यावर गाठ. फार ताणू नका, दोरा कागद कापतो.

फाटलेल्या पानांना जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ कागद) आणि गव्हाची खळ. टिश्यू चौरस मीटरला ६ ते १० ग्रॅम वजनाचा, कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू पसरतात आणि जोड दिसत नाही. पट्टी पाच-सहा मिलिमीटर रुंद पुरते.

खळीसाठी मैदा घेऊ नका. मैद्यातलं चिवट प्रथिन काही वर्षांनी पिवळं, कडक होतं आणि कसरीलाही ते आवडतं. लागतं ते नुसतं सत्त्व, म्हणजे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक तळाशी बसतो तोच. वरचं पाणी दोनतीनदा बदलून पांढराशुभ्र चीक घ्या, वाळवून ठेवता येतो. एक भाग सत्त्वाला पाच भाग पाणी, अर्धा तास भिजू द्या, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळा. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झालं. गार करून चाळणीतून दोनदा गाळा आणि ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या.

मीठ घालायचं नाही. दप्तरी लोक खळीत मोरचूद घालतात, तेही नको.

मृदगंध

मोरचूद का नको? पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेत, आणि त्याने कसर खरंच लागत नाही.

शिवणदोरा

@मृदगंध, कसर लागत नाही हे खरं आहे. हिशेबाच्या वह्या, दप्तरं यांच्या जाड चिंधी-कागदाला ते चालून जायचं. पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तांबं कागदातल्या सेल्युलोजचं विघटन वेगाने घडवतं. आधीच आम्लाने ग्रासलेल्या मासिकाच्या कागदावर जोडाभोवती तपकिरी कडा उमटते आणि तिथूनच पान तुटतं.

किड्यांसाठी गोठवणं हा बिनविषारी उपाय. अंक जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी कागदावर धरतं. एवढं झालं की पिशवी काढून टाका. डांबरगोळ्यांनी किडे पळतात, मरत नाहीत, आणि वास कागदात मुरतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला आणि कागदाला न लागेल असा. (कॅसेट कधीही गोठवू नका.)

सेलोटेपबद्दल. जिथे नुसतं प्लास्टिक वाळून सुटलंय तिथून ते अलगद उचला, उरलेला तपकिरी डाग तसाच राहू द्या. चिकट असलेली ओढू नका, तिच्याबरोबर शाईचा थर येतो आणि वेताळाचा मुखवटाच टेपवर जातो. केस वाळवायच्या यंत्राने गोंद वितळून कागदात आणखी खोल उतरतो. रसायनाने टेप काढणं प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे.

बांधीव खंड सोडवू नका, निदान स्कॅन होईपर्यंत तरी. रद्दीच्या बांधणीत तीन कडा कापलेल्या असतात आणि पानं कण्यातून उभी टोचलेली असतात. आतल्या समासात दोन अक्षरं अडकतात हे खरं, पण सोडवताना ठिसूळ पानाची घडीच तुटते. आणि नव्याने बांधून घ्यायचे असतील तर दप्तऱ्याला लेखी सांगा : कटाई नाही, मुखपृष्ठं काढायची नाहीत, जाहिरातींची पानं ठेवायची.

ठेवायला आम्लमुक्त पुठ्ठ्याचा खोका, अंक आडवे, एका थप्पीत वीसच्या वर नाहीत. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचं. पीव्हीसीचं पाकीट (नवं असताना उग्र वास येतो ते) आम्ल सोडतं आणि मुखपृष्ठाची शाई त्याला चिकटते. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही.

पानपालट

स्कॅनिंग.

फ्लॅटबेड घ्या, आणि शक्य असेल तर सीसीडी संवेदकाचा. पातळ, स्वस्त स्कॅनर सीआयएसचे असतात. काचेला न टेकलेला कागद त्यांना धूसर दिसतो, त्यामुळे बांधीव खंडाचा आतला समास वाचता येत नाही.

नुसत्या मजकुराच्या पानांना ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके) पुरे. रंगीत चित्रांना ६०० घ्या. कारण असं : छापील रंगीत चित्र चार रंगांच्या ठिपक्यांच्या जाळीचं असतं. ३०० वर स्कॅनरची जाळी आणि छपाईची जाळी एकमेकींवर चढतात आणि चित्रावर चौकडीचं कापड पसरल्यासारखं दिसतं. ६०० वर प्रत्येक ठिपका स्वतंत्र येतो, मग संगणकात किंचित धूसर करून आकार निम्मा केला की रंग एकजीव होतात. स्कॅनरमधलं छपाईचे ठिपके पुसणारं ‘डीस्क्रीन’ बंद ठेवा, ते मूळ प्रतीतच रेघ मऊ करतं.

पानामागे काळा कागद ठेवा. पांढरा ठेवलात तर पातळ कागदातून मागच्या पानाची अक्षरं उमटतात.

२४ बिट रंग, टिफ फाइल, स्कॅनरचं ‘आपोआप सुधारणा’ बंद. पिवळेपणा मूळ प्रतीत काढू नका, तो बघायच्या प्रतीत काढा. १८ बाय २४ सेंटिमीटरचं पान धरलं तर ४०० वर ३२ एमबी आणि ६०० वर ७२ एमबी होतात. फाइलला नाव ‘चांदोबा-१९६८-०७-०१२’ असं, म्हणजे साल-महिना-पान, संगणक आपोआप क्रम लावतो.

चांदोबा स्कॅन करताना चित्रकाराची सही कापली जाणार नाही हे बघा. विक्रम-वेताळाची चित्रं काढणारे शंकर चित्राच्या अगदी कडेला सही करत. ‘कडा साफ करा’ हा पर्याय पहिल्यांदा तीच कापतो. मुखपृष्ठांवरच्या वड्डादी पापय्यांच्या सहीचंही तेच.

किशोरचे अंक असतील तर आधी बालभारतीच्या संकेतस्थळावर बघा. त्यांनी जुने अंक स्वतःच उपलब्ध केलेत, तेवढं काम वाचेल.

गंगाधर_टिपणीस

व्हीसीडीचं थोडक्यात. त्यातली .dat फाइल नुसती ओढून कॉपी करू नका. व्हीसीडीत चित्राच्या भागाला चूक-दुरुस्तीचा जादा थर नसतो, त्याची जागाही चित्रालाच दिलेली असते. म्हणूनच ६५० एमबीच्या चकतीत ७४ मिनिटं मावतात, आणि म्हणूनच लहानसा ओरखडाही हिरवे चौकोन दाखवतो. आधी पूर्ण चकतीची इमेज (सगळ्या चकतीची एकच नक्कल फाइल) सगळ्यात कमी वेगावर घ्या, नंतर त्यातून एमपीईजी-१ वेगळं काढा. एका ड्राइव्हवर अडलं तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर बघा, बऱ्याचदा निघतं. पुसायची ती आतून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. वरच्या बाजूला चिकटवलेलं लेबल सोलू नका, चंदेरी थर त्याच बाजूला असतो.

नोंदवही

कायद्याचं. स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रत करायला भारतीय कायद्यात मुभा आहे. नेटवर चढवणं वेगळं. लेखक किंवा चित्रकार ठाऊक असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, निनावी लेखन आणि चित्रपट यांना प्रकाशनापासून ६० वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. म्हणजे एकाच अंकातली निनावी गोष्ट मुक्त आणि तिच्यावरचं सही केलेलं चित्र अजून हक्कात, असं होऊ शकतं. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचा स्वतंत्र हक्क २५ वर्षांचा आहे, पण त्याने आतल्या मालिकेचा हक्क संपत नाही.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅब मोडले, चार कॅसेट सिलिका जेलमध्ये ठेवल्या.

एक नवा प्रश्न. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं नसलेला मुलांच्या मासिकाचा एक सुटा अंक आहे, साल कळत नाही. शेवटच्या पानावर ‘किंमत... नये पैसे’ आहे, आधीचा आकडा फाटलाय. आत एका पानावर मासिकाच्या मालकीचं निवेदन आहे : प्रकाशनाचं स्थळ, मुद्रकाचं नाव वगैरे. एका जाहिरातीत ‘शुक्रवार, १ एप्रिलपासून’ असं छापलंय.

पानपालट

सोपं आहे, तुमच्याकडे तीन धागे आहेत.

‘नये पैसे’ १ एप्रिल १९५७ ला आले. त्यातला ‘नये’ शब्द १ जून १९६४ ला गेला. आणे असते तर त्याआधीचा अंक, नुसते पैसे असते तर नंतरचा.

मालकीचं निवेदन त्या काळी नियतकालिकांना दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापावं लागायचं. मासिकाच्या बाबतीत तो मार्चचा अंक. म्हणजे मार्च १९५८ ते मार्च १९६४ यांतला एक.

या सात वर्षांत १ एप्रिल शुक्रवारी फक्त १९६० साली येतो. (१९५८ ला मंगळवार, ५९ ला बुधवार, ६१ ला शनिवार, ६२ ला रविवार, ६३ ला सोमवार, ६४ ला पुन्हा बुधवार.)

अजून एक पडताळा : पत्त्यांमध्ये पिनकोड असता कामा नये, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. आणि कुठे राज्याचं नाव असेल तर ‘मुंबई राज्य’ असलं पाहिजे, महाराष्ट्र व्हायला अजून दोन महिने होते.

सोनचाफा

पिनकोड नाही. मागच्या जाहिरातीत पत्त्याखाली ‘मुंबई राज्य’ आहे. फाइलचं नाव १९६०-०३ ठेवलं.